चार वाजून बारा मिनिटं

हवेतले कण मोजायचं यंत्र त्या शुक्रवारी
मी बंद करायला विसरलो.
सोमवारी पाहतो तर रात्रभराची रेघ
काल्लावेसी तलावासारखी गोठलेली, सपाट,
आणि पहाटे चार वाजून बारा मिनिटांनी
एकदम उभी.

"उचकी लागली असेल यंत्राला,"
इल्पो म्हणाला, कॉफी ढवळत.
उचकी लागते तेव्हा कुणीतरी आठवण काढत असतं.
इथं उलटं होतं.
कुणाचीतरी आठवण
कुणीच काढली नव्हती.

दिवसा आम्ही सगळं शिस्तीत करतो.
कार्बनच्या नळ्या, एका केसाच्या जाडीत
हजारो शेजारी शेजारी मावतील अशा,
काचेच्या कपाटात, हवा ओढून घेणाऱ्या पंख्याखाली.
चार संशोधक. चौघांच्या कॉलरला चिमटा,
चिमट्यात गाळणी, कमरेला पंप,
त्यांच्या श्वासातला थोडा वाटा
माझ्यासाठी बाजूला काढणारा.
अहवालात एक रकाना असतो:
संपर्कात येणाऱ्या व्यक्ती.
तिथं मी चार लिहिलंय.
शाईनं.

मंगळवारी रात्री थांबलो.
बाहेर उणे चोवीस,
कुओपिओचे दिवे धुक्यात विरघळलेले.
चारच्या सुमारास ढोपरानं दार ढकलत आली हेल्यू,
मूळची तार्तूची, साठीला टेकलेली.
मला पाहून दचकली, मग म्हणाली,
"तुमच्यातलं कुणी या वेळी जागं असतं होय?"

तिनं ओटे पुसले. जमीन झाडली, कोरडीच.
मग व्हॅक्यूमची पिशवी काढली,
डब्यावर उलटी धरली
आणि उशी थापटावी तशी थापटली.
दोनदा. तिसऱ्यांदा जरा जोरात.

जाड धूळ खाली बसली.
उरलेली दिसलीच नाही.
फक्त पडद्यावरची रेघ उठून उभी राहिली,
वर्गात बाई आल्यावर
पोरं उठतात तशी.

मग तिनं हात झटकले.
हात झटकण्याचा जो दुसरा अर्थ आहे
तो तिचा नव्हता.
तो आमचा होता.

"किती वर्षं करताय हे?"
"सहा. मे महिन्यात सात."
तिचं नाव आमच्या यादीत नाही,
ती कंत्राटदाराची. कंत्राटदार हेलसिंकीत.

मी सांगितलं तिला. पिशवी, कोरडा झाडू, नळ्या.
ओल्या फडक्याचंही सांगितलं.
माझ्या आवाजात मला
भिंतीवरची सूचना ऐकू येत होती.
ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली,
"बरं. माझ्या आत काय झालंय मग?"

माहीत नाही.
हे वाक्य मी आजवर सात प्रकारे लिहिलंय.
पुरावा अपुरा.
दीर्घकालीन नोंदी उपलब्ध नाहीत.
उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला
जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.
त्यातला एकही प्रकार
तोंडातून निघेना.

"माहीत नाही," मी म्हणालो.

बस उशिरा येणार म्हटल्यावर मान हलवावी
तशी तिनं हलवली.
"माझ्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं.
सिमेंटच्या कारखान्यात होते.
पण त्यांची धूळ निदान दिसायची.
आई अंगणातच शर्ट झटकायची त्यांचे."

पाचवा पंप मी कपाटातून आणला.
तिच्या झग्याला कॉलरच नव्हती,
चिमटा लावायचा कुठं?
मी इकडेतिकडे पाहत राहिलो,
पदवी, प्रशिक्षण, सगळं असून.
शेवटी तिनंच केसांतली पिन काढली
आणि गाळणी
गळ्याजवळ टोचून घेतली.

पंप घुरघुरायला लागला.
"हा काय करतो आता?"
"तुम्ही घेता ती हवा घेतो."
"झोपतो का मधे?"
"नाही."
"मग बरोबर आहे," ती म्हणाली
आणि बादलीत फडकं बुडवलं.

जाताना दारातून वळून म्हणाली,
"पिन तेवढी परत द्या उद्या."